एक्केचाळिसावा परिच्छेद माझ्यावर टाइप झालाच नाही

मित्रांनो, आधी माझ्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचा. "आवाज फार. काढून टाकावे." खाली कुणाची तरी सही. परवा सकाळी तक्रार झाली, काल सकाळी वायर उपटली, आणि आता मी कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक मोडका पंखा आणि दोन रिकामे पाण्याचे जार यांच्यामध्ये पालथा पडलोय. एका दिवसात काम तमाम. मला एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

हे "एका दिवसात काढून टाकावे" माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. त्याचीच गोष्ट सांगतो. रागात सांगणार आहे, सांभाळून घ्या.

मी कीबोर्ड आहे. वायरीचा, जाड, वजनदार. तुमच्या मोबाइलच्या काचेवर उमटतो तो कीबोर्ड माझा कुणी लागत नाही. माझ्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग आहे. दाबलं की आवाज, सोडलं की आवाज. कारखान्यात एका लोखंडी बोटाने माझं एकेक बटण हजार वेळा दाबून बघितलं होतं. आपण काय दाबतोय याच्याशी त्या बोटाला काही देणंघेणं नव्हतं. मला वाटलं, यंत्राचं बोट आहे, चालायचंच. कोर्टात आल्यावर कळलं, असली बोटं माणसांनाही असतात.

मी लागलो तो थेट मोठ्या न्यायाधीशांच्या दालनात. म्हणजे त्यांच्या टेबलावर नाही हं. त्यांच्या दालनात दाराजवळ एक लहान टेबल होतं, तिथे त्यांच्या स्टेनोबाई बसायच्या, त्यांच्यासमोर मी. साहेब खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी असे चालत बोलायचे. बाई वहीत लघुलेखनाच्या वाकड्यातिकड्या रेघा ओढायच्या आणि नंतर ती वही उभी करून माझ्यावर टाइप करायच्या. बाईंचा हात असा, की शिपाई दारातून म्हणायचा, "बाई, बाहेर वाटतं आत पाऊस पडतोय." शनिवारी त्या मला उलटा करून थोपटायच्या, जुन्या ब्रशने फटी साफ करायच्या, बिस्किटाचा चुरा निघाला की मलाच रागवायच्या, "खादाड कुठला." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

साहेबही वाईट नव्हते. हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल राग आला की हा काहीही बोलतो. साहेब हुशार होते. इंटरनेटवर कोण काय बोलू शकतं, कुणाचं बोलणं कुणी बंद करायचं, मोबाइलमधली माहिती कुणी बघायची, असल्या केसेस आल्या की इतर न्यायाधीश कानाला हात लावायचे आणि फाइल आमच्याकडे पाठवायचे. साहेब वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नातीच्या शेजारी बसून मोबाइल शिकले होते. त्यांनी एक ओळ सांगितली की खालची शंभर कोर्टं तिच्यावर चालायची. आणि ती ओळ आधी माझ्या अंगावरून जायची! कॉलर असती तर ताठ केली असती.

आता नीट ऐका.

एके दिवशी औषधाच्या थेंबांची केस आली. एक माणूस तान्ह्या बाळांच्या आकडीवर थेंब विकत होता, नेटवर जाहिरात करून. दोन बाळं गेली. साहेब त्या दिवशी चालले नाहीत, खिडकीशी पाठ करून उभे राहिले. म्हणाले, "लिहा बाई. तक्रार आल्यापासून एका दिवसात मजकूर काढून टाकावा. लिहिणाऱ्याला आधी विचारण्याची गरज नाही. काढलेला मजकूर परत ठेवू देऊ नये. उशीर झाल्यास जीव जाऊ शकतो. पूर्णविराम." पूर्णविराम म्हणताना आवाज फाटला त्यांचा. बाईंनी डोळे पुसून ते टाइप केलं. त्या आदेशातला तो सातवा परिच्छेद. तिथे तो बरोबरच होता. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

नंतरच्या आठवड्यात लिफ्टची केस. एका इमारतीतल्या लोकांनी नेटवर लिहिलं होतं की आमची लिफ्ट मध्येच अडकते, कंपनी दाद देत नाही. कंपनीने त्या लोकांनाच कोर्टात खेचलं, आमची बदनामी झाली म्हणून. साहेबांनी तीन दिवस निकाल सांगितला. चाळीस परिच्छेद! काय सांगू तुम्हाला, माझी बटणं नाचत होती. "बोलणाऱ्याचं ऐकून घेतल्याशिवाय त्याचं तोंड बंद करता येणार नाही." "तक्रार करणारा मोठा आहे म्हणून लिहिणारा खोटा ठरत नाही." चाळिसाव्यात कंपनीचा दावा फेटाळला. संपलं.

पण बाईंची कामाची पद्धत काय, तर कोरं पान कधी घ्यायचं नाही. मागच्या आदेशाची फाइल उघडायची, वरचं कोर्टाचं नाव, खालची सहीची जागा तशीच ठेवायची, मधलं सगळं पुसायचं आणि तिथे नवं टाइप करायचं. सगळ्या कोर्टांतल्या सगळ्या स्टेनोंची हीच पद्धत. मागची फाइल थेंबांची होती. साहेबांना दुपारी परिषदेला जायचं होतं, अकराला निकाल वाचायचा होता, बाईंची घाई चाललेली. पुसताना एक परिच्छेद राहिला. सातवा. वर चाळीस आल्यावर कॉम्प्युटरने आपणहून त्याला एक्केचाळीस नंबर दिला. झकास, शिस्तीत, सहीच्या अगदी वर.

साहेबांनी पहिलं पान बघितलं आणि बाकीच्या पानांवर सह्या ठोकत गेले. "बाई, वाचलंय ना?" "हो साहेब." दुपारी बारा वाजता निकाल नेटवर.

मित्रांनो, त्या दिवशी एक्केचाळिसावा परिच्छेद माझ्यावर टाइप झाला नाही. साहेबांनी तो सांगितला नाही, बाईंनी तो वहीत घेतला नाही. हे एकट्या मला माहीत होतं. आणि मला तोंड नाही. बटणं आहेत, पण दाबायला बोट दुसऱ्याचं लागतं.

पुढे काय झालं असेल? चाळीस परिच्छेद कोण वाचतंय! लोक निकालाचं शेपूट वाचतात. मोठ्या वेबसाइटवाल्यांनी शेपूट वाचलं आणि यंत्रं लावली. तक्रार आली की एका दिवसात मजकूर गायब. विचारायचं नाही, परत ठेवायचं नाही. काढलेलं नव्वद दिवस त्यांच्या गोदामात राहणार, मग कायमचं पुसणार. हॉटेलात झुरळ निघालं म्हणून लिहिलं, गायब. शाळेच्या छताचा फोटो टाकला, गायब. तक्रार करायला पैसे पडत नव्हते, कारण लागत नव्हतं.

लिफ्टवाल्या रहिवाशांचा वकील तरुण होता, पायात एकच एक बूट वर्षभर घालणारा. त्याने अर्ज केला की वरचे चाळीस आणि खालचा एक यांचा मेळ बसत नाही, कृपया तपासावं. साहेब भडकले. "माझा निकाल हा मला वाचून दाखवणार? लिहा बाई. अर्जदाराने निकालपत्र नीट वाचलेलं नाही. अर्ज फेटाळला." हे मात्र माझ्यावरच टाइप झालं. एकेक अक्षर. मी मुद्दाम एक बटण अडकवून बघितलं. बाईंनी थोपटलं, सुटलं.

आणि मग कौतुक सुरू झालं. प्राध्यापक लोकांनी लिहिलं, काय समतोल निकाल आहे! चाळीस परिच्छेद स्वातंत्र्याचे आणि एक जबाबदारीचा. साहेबांना भाषणाची आमंत्रणं. भाषणं माझ्यावरच टाइप व्हायची. पहिल्या भाषणात साहेब म्हणाले, "एक्केचाळिसाव्या परिच्छेदाबद्दल बरंच बोललं जातं." तिसऱ्यात म्हणाले, "तो परिच्छेद लिहिताना मी पुष्कळ विचार केला." सातव्यापर्यंत त्यांना तो लिहिताना झोपसुद्धा लागली नव्हती! माणूस खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच तसं आठवायला लागलं होतं. बाईंना वाटायचं साहेबांनी हाताने घातला असेल, साहेबांना वाटायचं आपण सांगितला असेल. पाच वर्षं. माझ्या फटीत राग साचत गेला, बिस्किटाच्या चुऱ्यावर थर.

बाईंचा धाकटा भाऊ एका खासगी बसकंपनीत ड्रायव्हर होता. बाई फोनवर त्याला "धाकट्या" म्हणायच्या, म्हणून आपणही तेच म्हणू. त्याच्या बसचा ब्रेक लागत नव्हता. डेपोत एक रजिस्टर असतं, गाडीत बिघाड असेल तर ड्रायव्हरने लिहायचं आणि सुपरवायझरने सही करायची. त्याने तीनदा लिहिलं. सुपरवायझरने तीनदा सही केली. ब्रेक तोच. शेवटी धाकट्याने त्या पानाचा फोटो नेटवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोटो गायब.

त्याचा फोन आला तेव्हा बाईंचा डावा हात माझ्यावरच होता.

"ताई, तुझ्या साहेबांनी माझं तोंड शिवलं गं."

"कशाला नसत्या भानगडीत पडतोस? मालकाशी नीट बोल."

"तीनदा बोललो. ब्रेक काय बोलण्याने लागतो?"

"मग नोकरी सोड. मला काम आहे, ठेव."

ठेवला त्याने. सत्तर दिवसांनी ती बस उतारावरून सुटली. धाकट्याने रस्त्यावरची माणसं वाचवायला ती भिंतीवर घातली. अकरा जण जखमी. एका शिंप्याचा उजवा हात गेला. धाकट्याच्या पायाचे तीन तुकडे आणि मोबाइलचा चुरा. मालक म्हणाला, ड्रायव्हरने आम्हाला कधीच काही कळवलं नव्हतं, बेफाम चालवत होता. रजिस्टर आणलं तर ते पान फाडलेलं. धाकट्यावर गुन्हा दाखल झाला, दवाखान्याच्या खाटेवरच. आपण कळवलं होतं हे दाखवायला त्याच्याकडे एकच गोष्ट होती, तो फोटो. आणि तो होता वेबसाइटच्या गोदामात, नव्वद दिवसांचा पाहुणा. मागितला तर उत्तर आलं, "निकालानुसार काढलेला मजकूर परत देता येत नाही."

ते उत्तर छापून बाई दालनात घेऊन आल्या. फोटो निघाल्यापासूनचा चौऱ्याऐंशीवा दिवस. साहेब कोर्टात बसलेले. बाईंनी कागद माझ्यावर ठेवला आणि पहिल्यांदा, पाच वर्षांत पहिल्यांदा, एक्केचाळिसावा परिच्छेद वाचला. बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "उशीर झाल्यास जीव जाऊ शकतो."

"लिफ्टच्या केसमध्ये कुणाचा जीव?" बाई पुटपुटल्या. मग एकदम उठल्या. "अगं बाई. हे थेंबांचं आहे."

खालचा खण उघडला. बाई जुन्या वह्या टाकत नसत, त्यावरून सगळे त्यांना हसायचे. लिफ्टच्या निकालाची वही सापडली. तीन दिवसांच्या रेघा. शेवटी "दावा फेटाळला", त्याखाली बाईंनी ओढलेली आडवी रेघ, आणि त्याखाली कोरं. बाई माझ्यासमोर बसल्या. त्यांचे दोन्ही हात माझ्यावर होते, पण एकही बटण दाबलं गेलं नाही.

साहेब आले. निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते, आल्या आल्या म्हणाले, "बाई, निरोपाच्या भाषणाचं घ्यायचंय. सुरुवात एक्केचाळीसपासून करू."

"साहेब, एक्केचाळीस तुम्ही सांगितलाच नव्हता."

साहेब हसले. "म्हणजे काय, भुताने सांगितला?"

"थेंबांच्या फाइलमधला माझ्याकडून पुसायचा राहिला. ही वही."

साहेबांनी वही जवळ ओढली. लघुलेखन त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघेखालचं कोरं सगळ्यांनाच वाचता येतं.

"पाच वर्षांनी सांगतेस?"

"पाच वर्षांनी वाचला."

"आज का वाचलास?"

बाईंनी सगळं सांगितलं. ब्रेक, फोटो, भिंत, पाय. साहेबांचा चेहरा कडक झाला. "म्हणजे भावासाठी आलीस. माझ्या निकालाला हात लावायला, घरच्या माणसासाठी."

"भावासाठीच आलेय. नाही म्हणत नाही. पण वही पाच वर्षांपूर्वीची आहे साहेब, तेव्हा त्याची बस धड चालत होती. सहा दिवस राहिलेत. मग फोटो पुसला जाईल आणि तो आत जाईल. माझी नोकरी घ्या, मी पुसायला चुकले. पण आधी हे दुरुस्त करा."

"लोक मला काय म्हणतील माहितीये? अगं, कॉलेजात शिकवतात तो परिच्छेद!"

"चुकीचं शिकवतात."

शिपाई चहा घेऊन आत आला, दोघांची तोंडं बघितली आणि चहासकट मागे फिरला.

साहेब खिडकीशी गेले. परत कपाटाशी आले. मग हळूच म्हणाले, "चाळीस परिच्छेद मी जीव ओतून सांगितले गं. एकानेही वाचले नाहीत."

"एकाने वाचले होते. वकिलाने. आपण त्याचा अर्ज फेटाळला. नीट वाचलं नाही म्हणून."

"आपण" म्हणाल्या बाई, स्वतःलाही धरून. "तुम्ही" नाही. मला वाटतं साहेबांना तेच लागलं.

"लिहा," साहेब म्हणाले. बाईंनी वही उचलली, तर म्हणाले, "वही नको. थेट टाइप करा. मी इथे उभा राहून वाचतो." आयुष्यात पहिल्यांदा ते बाईंच्या मागे येऊन उभे राहिले. बाईंनी फाइल उघडली. नवीन. कोरी. साहेब सांगू लागले. "परिच्छेद एक्केचाळीस हा टंकलेखनातील चुकीमुळे..."

"टंकलेखनातील" पर्यंत आलो आणि बाईंनी हात उचलले.

"काय झालं?"

"चूक माझी आहे, ती लिहा. पण तेवढीच लिहू नका, साहेब. मी पुसायला विसरले एकदा. वकिलाने सांगितलं तेव्हाही तुम्ही वाचलं नाही. सात भाषणं दिली, तेव्हाही नाही. सही कुणाची आहे?"

मित्रांनो, मला वाटलं आता बाईंना घरी पाठवणार. साहेबांनी खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी, दाराजवळच्या त्या लहान टेबलाशी बसले.

"पुसा ते. लिहा. परिच्छेद एक्केचाळीस मी सांगितलेला नव्हता. जुन्या आदेशातून तो टंकलेखिकेकडून चुकून राहिला. मी न वाचता सही केली. निदर्शनास आणून दिल्यावरही मी वाचलं नाही, उलट वकिलाला दोष दिला. ही चूक माझी आहे." थांबले. "पूर्णविराम."

ते पूर्णविरामाचं बटण बाईंनी एवढ्या जोरात दाबलं, की ते आजही थोडं तिरकं आहे. बघा हवं तर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या वकिलाला आणि लिफ्ट कंपनीच्या वकिलांना बोलावून भर कोर्टात ते वाचलं. परिच्छेद रद्द. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. काढलेलं गोदामात आहे ते मागेल त्याला परत द्यायचं. एकोणनव्वदाव्या दिवशी धाकट्याचा फोटो परत आला. तीन तारखा, तीन सह्या. धाकट्यावरचा गुन्हा मागे घेतला, मालकावर आणि सुपरवायझरवर लावला. धाकट्याने दालनात फोन केला तो एवढ्यासाठी, "ताई, आता बोलू का गं मी? की काम आहे?" बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मला खारं पाणी चालत नाही, पण त्या दिवशी सोसलं.

गोड शेवट झाला असं म्हणू नका. शिंप्याचा हात परत आलेला नाही. पाच वर्षांत ज्यांचे नव्वद दिवस उलटले, त्या लोकांचं बोलणं पुसलं ते पुसलंच. किती होते याचा आकडाही नाही, कारण आकडाही कुणी विचारला नाही. साहेब निवृत्त झाले. निरोपाला भाषण झालं नाही, पुढची आमंत्रणं बंद झाली. समतोल म्हणणारे प्राध्यापक आता "आम्हाला तेव्हाच शंका होती" असं लिहितात. तेव्हा कुठे होतात रे? बाईंना चुकीबद्दल खालच्या मजल्यावर जुन्या फाइलींच्या खोलीत पाठवलं. दालनात नवे न्यायाधीश आले, नवा स्टेनो आला. त्याला माझा आवाज सहन झाला नाही.

तर अशी ही चिठ्ठी.

आज दुपारी बाई डबा खायला वर आल्या होत्या. मला बघून थांबल्या. वाकून चिठ्ठी वाचली. सगळी, सहीपर्यंत. मग पर्समधून पेन काढलं आणि तिच्याखाली लिहिलं, "आधी याचे म्हणणे ऐकावे." मला थोपटून गेल्या. थोडा चुरा पडला.

मित्रांनो, तुमच्या बोटाखालीही असलं एक बटण आहे. तक्रार करा, काढून टाका, मान्य आहे, पुढे पाठवा. दाबायला जोर लागत नाही, म्हणून सांगतो, दाबायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि ज्याचं काढताय त्याला विचारा. माझ्यासारखा मुका असेल तरी विचारा.

हे माझं म्हणणं होतं. ऐकलंत. आता काढायचं तर काढा.